पाठ मैदानाकडे, तोंड मंडपाकडे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बेळगावातील एका रग्बी क्लबने गेल्या महिन्यात एका रविवारी सात-सात खेळाडूंच्या संघांची एक दिवसाची स्पर्धा भरवली होती. या क्लबने यंदा प्रथमच चीअरलीडर मुलींचे पथक तयार केले असून त्या १२ जणींत माझी नात आहे. मी स्वतः मराठी माध्यमाच्या एका हायस्कुलात ३१ वर्षे शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होते. लेझीम, कवायत, खो-खो आणि पावसाळ्यात वर्गातली बाके सरकवून घेतलेले सूर्यनमस्कार यांतच माझी सारी नोकरी गेली. त्यामुळे थोडे नातीचे कौतुक आणि थोडी जुनी खोड, अशा दोन्ही कारणांनी छत्री आणि डबा घेऊन मी सकाळी आठ वाजताच मैदानावर जाऊन बसले. तेथे जे पाहिले त्याविषयी क्लबच्या मंडळींशी माझे बोलणे झाले, पण ते चहाच्या कपाबरोबर संपले, म्हणून हा पत्रप्रपंच.

उद्घाटनाची वेळ नऊची होती. प्रमुख पाहुणे पावणेअकराला आले. तोपर्यंत या १२ मुली मंडपाच्या दाराशी दोन रांगा करून उन्हात उभ्या होत्या. दोघींच्या हातात आरतीची ताटे, चौघींच्या हातात गुच्छ आणि उरलेल्यांच्या हातात ते चकाकणाऱ्या फितींचे झुबके, ज्यांना मुली पॉमपॉम म्हणतात. वाऱ्याने निरांजन विझे, कोणीतरी काडी ओढून ते पुन्हा लावी, आणि थोड्या वेळाने ते पुन्हा विझे. माझ्या नातीच्या ताटातले कुंकू घामाने ओले होऊन तिच्या अंगठ्याला आणि मग पांढऱ्या टी-शर्टाला लागले, त्याबद्दल तिला तेथेच दोन शब्द ऐकावे लागले. पाहुणे आल्यावर औक्षण, गुच्छ, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन आणि पाच भाषणे झाली. मग पहिला सामना सुरू झाला आणि मुलींना मंडपासमोर ओळीने उभे करण्यात आले, पाहुण्यांकडे तोंड करून.

चीअरलीडरचे तोंड प्रेक्षकांकडे असते, हे मला ठाऊक आहे. पण प्रेक्षक मंडपात नव्हतेच. ते समोरच्या बाजूला बांधावर, दुचाक्यांवर आणि कुंपणाच्या भिंतीवर बसले होते. मंडपात पाहुणे, त्यांच्याबरोबरची माणसे आणि एक कूलर होता. आमच्या संघाच्या एका मुलाने डाव्या कडेने सुसाट जाऊन ट्राय केला (म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून गुण मिळवले), तेव्हा बांधावरून उठलेला ओरडा ऐकून या मुलींनी मागे वळून पाहिले. सामना संपल्यावर नात माझ्याजवळ आली आणि तिने पहिला प्रश्न केला, "आज्जी, ट्राय झाला काय गं? आमाला काय दिसलंच नाही." ज्यांच्यावर लोकांना ओरडायला लावण्याची जबाबदारी आहे, त्यांना लोकांच्या ओरडण्यावरून खेळ कळावा, ही गोष्ट मला त्या दिवसापासून सतावते आहे.

आपल्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायला अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. येळ्ळूर, सांबरा किंवा कंग्राळीचे कुस्ती मैदान ज्याने एकदा पाहिले आहे, त्याला हलगीवाला आठवावा. हलगी, घुमके आणि कैताळ वाजवणारी ती तीन-चार माणसे आखाड्याच्या कडेला बसतात, पण त्यांची नजर पैलवानांच्या पायांवर असते. जोड नुसती एकमेकांना अजमावत फिरत असेल तर हलगी संथ चालते. एकाने पट काढला की ती चढते. चितपट होण्याच्या क्षणी ती अशी कडाडते की मागे उसाच्या रसाच्या गाड्याशी उभा असलेला माणूसही पेला हातात घेऊन पुढे धावतो. कुस्ती रेंगाळली तर हलगीच पैलवानांना टोचते. त्या वाद्याने हजारो माणसांचे लक्ष एका मुठीत धरलेले असते. माझ्या मते चीअरलीडरचे काम नेमके हेच आहे. ज्या हलगीवाल्याला आपण कुस्ती सोडून पाहुण्यांसमोर वाजवायला बसवू, त्याची हलगी कितीही चांगली असली तरी ती वरातीची होईल, मैदानाची राहणार नाही. (त्या हलगीवाल्याचे नाव मात्र कुस्तीच्या हँडबिलावर छापलेले मी आजवर पाहिलेले नाही, आणि मुलींच्या पथकाचे नावही परवाच्या डिजिटल फलकावर नव्हते. फलकावर ३४ फोटो होते, मी मोजले.)

चीअरलीडर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेटचा आयपीएल येतो आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. एप्रिल २००८ मध्ये बेंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर या स्पर्धेचा पहिला सामना झाला. त्या पहिल्या हंगामात बेंगळूरच्या संघाने वॉशिंग्टनच्या एका व्यावसायिक फुटबॉल संघाच्या चीअरलीडर आणल्या होत्या. लगेच त्यांच्या कपड्यांवरून देशभर वाद झाला आणि महाराष्ट्रातही राजकीय पुढाऱ्यांनी आक्षेप घेतले. तेव्हापासून आपल्याकडे या विषयावर बोलणे म्हणजे स्कर्टच्या लांबीवर बोलणे, असे समीकरण होऊन बसले आहे. माझ्याही गल्लीत दोन शेजारणींनी मला विचारले, की नातीला तिथे नाचायला कसे पाठवता? मी त्यांना तिचा वेश दाखवला. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, पायघोळ ट्रॅक पँट आणि कॅनव्हासचे बूट. आम्ही लेझीमला मुली नेत होतो त्याहून जास्त कपडे. त्या शेजारणींचे समाधान झाले, माझे मात्र झाले नाही. कपडे पूर्ण आहेत म्हणून मुलीला शोभेची वस्तू करून उभे करण्यात गैर काही राहत नाही, असे मला वाटत नाही.

मुळात या कामाचा जन्म मुलींना उभे करण्यासाठी झालेलाच नाही. १८९८ च्या नोव्हेंबरात मिनेसोटा विद्यापीठाचा फुटबॉल संघ ओळीने सामने हरत होता. तेव्हा जॉनी कॅम्पबेल नावाचा एक विद्यार्थी प्रेक्षकांतून उठून त्यांच्यासमोर उभा राहिला आणि सर्वांकडून एका तालात आरोळी म्हणवून घेऊ लागला. संघाने तो सामना जिंकला, आणि संघटित चीअरलीडिंगची सुरुवात तेथून धरली जाते. तो फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. रग्बीच्याच पोटी जन्मलेला आणि पुढे वेगळी वाट धरलेला खेळ. तेव्हा रग्बीशी चीअरलीडिंगचे नाते अगदीच ओढूनताणून आणलेले नाही. पहिली पंचवीसेक वर्षे हे काम फक्त मुलगे करीत. १९२३ मध्ये त्याच विद्यापीठात मुलींना प्रवेश मिळाला आणि दुसऱ्या महायुद्धात मुलगे लष्करात गेल्यावर ते बहुतांशी मुलींकडे आले. फ्रँकलिन रूझवेल्ट, आयझेनहॉवर, रेगन आणि धाकटे बुश हे चारही अमेरिकन राष्ट्राध्यक्ष विद्यार्थिदशेत चीअरलीडर होते. आमच्या क्लबच्या पथकात सुरुवातीला दोन मुलगे होते. त्यांना मित्रांनी चिडवले म्हणून ते दुसऱ्याच आठवड्यात गेले. त्यांना थांबवण्यासाठी कोणी एक शब्द बोलले असते, तर बरे झाले असते. झांजपथकात नाचताना, शिवजयंतीच्या मिरवणुकीत रात्रभर लेझीम खेळताना याच मुलग्यांना कोणी चिडवत नाही.

रग्बीच्या जुन्या क्लबांत चीअरलीडर ठेवण्याची रीत नव्हती. तेथे हे काम प्रेक्षक स्वतःच करीत आणि बहुतेक ते गाऊन करीत. १६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफ येथे वेल्सचा सामना न्यूझीलंडशी होता. न्यूझीलंडच्या खेळाडूंनी सामन्यापूर्वी आपला हाका हा नृत्यप्रकार केला. त्याला उत्तर म्हणून वेल्सचा खेळाडू टेडी मॉर्गन याने आपल्या देशाचे राष्ट्रगीत सुरू केले आणि मैदानभर प्रेक्षकांनी ते उचलून धरले. खेळाच्या सामन्यापूर्वी राष्ट्रगीत म्हणण्याची आज सर्वत्र रूढ असलेली प्रथा त्या दिवसापासून पडली, असे मानले जाते. वेल्सने तो सामना ३-० असा जिंकला आणि सामन्यातला एकमेव ट्राय त्याच मॉर्गनने केला. आता सिडनीचे उदाहरण पाहा. तेथील साउथ सिडनी रॅबिटोज या रग्बी लीग क्लबने, ज्याच्या मालकांत अभिनेता रसेल क्रो होता, २००७ च्या हंगामापासून चीअरलीडर बंद केल्या आणि त्यांच्या जागी ढोल वाजवणारे आणले. बायकामुलांसह येणाऱ्या प्रेक्षकांना मैदानावर अवघडल्यासारखे वाटू नये, असा त्यामागे विचार होता. हे वाचले तेव्हा मला हसू आले. सिडनीवाल्यांना जे सुचायला शंभर वर्षे लागली, ते आमच्या सांबऱ्याच्या आखाड्यावर कधीपासून वाजते आहे.

मग पथकच नको, असे मी म्हणते काय? नाही. या मुलींना वगळून ढोल आणा, असे म्हणणे सोपे आहे, पण ज्या १२ जणी रोज संध्याकाळी दीड तास घाम गाळतात, त्यांचा यात काय दोष? माझे म्हणणे इतकेच, की त्यांना मैदानाचे काम द्यावे, मंडपाचे नव्हे. आणि मैदानाचे काम द्यायचे तर आधी त्यांना खेळ शिकवावा लागेल.

दुसऱ्या सामन्यातला एक प्रसंग सांगते. आमचा एक खेळाडू दोघांना चुकवून प्रतिस्पर्ध्यांची रेषा ओलांडून आत गेला. तोवर मुलींना बाजूच्या रेषेजवळ हलवले होते, माझ्या विनंतीवरून. त्यांनी उड्या मारल्या, झुबके उडवले, ध्वनिक्षेपकावर गाणे सुरू झाले, आणि पंचाने ट्राय नाकारला. कारण रग्बीत चेंडू नुसता रेषेपलीकडे नेऊन भागत नाही, तो दाबून जमिनीला टेकवावा लागतो, आणि या मुलाच्या हातून तो टेकवण्याआधीच पुढे निसटला होता. त्या खेळाडूने डोके धरले होते आणि त्याच्यापासून दहा हातांवर १२ मुली आनंदाने नाचत होत्या. प्रतिस्पर्ध्यांची पोरे हसली. मुलींना कोणी सांगितलेच नव्हते, की चेंडू हाताने फक्त मागे किंवा बाजूला फेकता येतो, ट्रायला पाच गुण असतात आणि त्यानंतरच्या यशस्वी किकला दोन. ट्राय हा शब्दही मजेशीर आहे. पूर्वी त्याला स्वतःचे गुणच नसत; रेषा ओलांडून चेंडू टेकवला की गोलवर किक मारून पाहण्याची फक्त संधी मिळे, आणि ते नाव तसेच चिकटून राहिले. या सगळ्याला एक पाऊण तासाचा तास पुरला असता, पण शिकवणाऱ्याला मुलींना हे कळायला हवे, असेच वाटले नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे गप्प कधी बसावे, हे. आयर्लंडमध्ये लिमरिक शहरातले थोमंड पार्क हे मैदान प्रेक्षकांच्या गर्जनेसाठी जितके प्रसिद्ध आहे, तितकेच शांततेसाठी. कोणी खेळाडू, मग तो परक्या संघाचा का असेना, गोलवर किक मारायला उभा राहिला की हजारो माणसे एकदम चूप होतात. सात जणांच्या खेळात तर ट्रायनंतरची किक चेंडू हातातून जमिनीवर सोडून, तो उसळताच पायाने मारावी लागते आणि वेळही थोडा असतो. त्या क्षणी मुलाला स्वतःचा श्वास ऐकू आला पाहिजे. आमच्याकडे नेमका त्या वेळी डीजेचा आवाज वाढवण्यात येत होता आणि मुलींना "ॲक्शन, ॲक्शन" अशी खूण होत होती. किक चुकली ती गाण्यामुळेच, असा आरोप मी करणार नाही. पण उपान्त्य सामन्यात एक मुलगा खांदा धरून मैदानात आडवा पडला असताना डीजे वाजत राहिला आणि मुली नाचत राहिल्या, तेव्हा माझ्याने बसवेना. मी उठून ध्वनिक्षेपकाच्या टेबलाशी गेले आणि माझ्या जुन्या शाळेतल्या आवाजात तो बंद करवला. त्या दिवशी मला मिळालेली टाळी ती एवढीच.

आता आरोळ्यांविषयी. पथकाला ज्या आरोळ्या शिकवल्या आहेत, त्या सगळ्या इंग्रजीत आहेत. "गो टीम गो" म्हटल्यावर बांधावरची मंडळी मख्ख बसून राहतात, कारण त्या शब्दांना उत्तर काय द्यायचे ते त्यांना ठाऊक नाही. आपल्याकडे गर्दीला सवय आहे ती हाकेला प्रतिसाद देण्याची. गणपतीची मिरवणूक असो वा दिंडी, एकाने अर्धे म्हणावे आणि हजारांनी उरलेले अर्धे पूर्ण करावे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्याच गावात आहे, आणि "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही त्या रेजिमेंटची रणघोषणाही याच घडणीची आहे. अर्थात खेळाच्या मैदानात मी तशी घोषणा सुचवत नाही. क्लबच्या संघात मराठी मुलगे आहेत, कानडी आहेत, कॅम्पातले दोन उर्दू बोलणारे आहेत, आणि सीमाभागात शब्दाला किती धार असते ते येथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. झुबक्यांच्या रंगावरूनच केवढा काथ्याकूट झाला! भगवा नको, एकाने म्हटले. लाल-पिवळा नको, दुसऱ्याने म्हटले. शेवटी निळा आणि पांढरा ठरला, आणि निळ्यावरही एका गृहस्थांनी कपाळाला आठी घातलीच.

पण मैदानावर भाषेचा हा गुंता मुले स्वतःच सोडवतात, हे मी कबड्डीत वर्षानुवर्षे पाहिले आहे. चढाई करणारा अंगावर आला की एका कोपऱ्यातून "धर" असा आवाज येतो आणि दुसऱ्या कोपऱ्यातून "हिडी", म्हणजे तेच, कानडीत. दोघेही एकाच गड्याचा एकेक पाय धरतात. रग्बीत टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडताना, याहून चांगली आरोळी कोणती असणार? एका बाजूच्या मुलींनी "धर" म्हणावे, दुसऱ्या बाजूच्या मुलींनी "हिडी", आणि बांधावरच्यांनी आपल्याला येईल ते. त्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी मुलींकडून हे चिंचेच्या झाडाखाली करवून घेतले, तालाला स्टीलच्या डब्याचे झाकण. तिसऱ्या वेळी शेजारी डबा खात बसलेली खानापूरची पोरे आपणहून ओरडू लागली, आणि पाणीपुरीवाल्यानेही कढईवर झारा आपटला. सामन्यात मात्र तसे करायला परवानगी मिळाली नाही. गाण्यांची यादी आधीच ठरली होती, असे कारण सांगण्यात आले.

सुरक्षिततेचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यावर लिहिताना माझा हात जड होतो. सराव क्लबच्या पार्किंगच्या फरशीवर होतो. मुलींना शिकवणारा तरुण इंटरनेटवरच्या चित्रफिती पाहून मनोरे शिकवतो. तीन मुली खाली, दोन मधे, एक वर. दहीहंडीत पडणारा गोविंदा निदान गर्दीच्या खांद्यांवर पडतो. येथे खाली फरशी आणि भोवती कोणी नाही. गेल्या पावसाळ्यात एक मुलगी मधल्या थरावरून घसरली आणि तिचे मनगट मोडले. प्रथमोपचाराची पेटी क्लबच्या एका पदाधिकाऱ्याच्या मोटारीत होती आणि मोटार बाजारात गेली होती. मुलीला दवाखान्यात नेले ते माझ्या नातीच्या स्कूटरवरून, आणि खर्च तिच्या वडिलांनी केला, जे टेम्पो चालवतात. शाळेत मी मल्लखांब घेत असे, तेव्हा खाली गाद्या आणि खांबाशी दोन धट्टीकट्टी मुले असल्याशिवाय कोणाला वर चढू देत नव्हते. गाद्या नसतील त्या दिवशी दंडबैठका. चीअरलीडिंग हे दिसायला नाच असले तरी अंगावर यायला कसरतच आहे. अमेरिकेत शाळा-कॉलेजांतील मुलींना खेळांमध्ये होणाऱ्या अतिगंभीर दुखापतींत सर्वांत मोठा वाटा चीअरलीडिंगचा असल्याचे तेथील पाहण्यांत वर्षानुवर्षे दिसत आले आहे.

हा खेळ आहे की नाही, यावरही तिकडे न्यायालयात वाद झालेला आहे. कनेक्टिकट राज्यातील एका विद्यापीठाने मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून त्याऐवजी चीअरलीडिंगचा संघ दाखवायचे ठरवले, तेव्हा व्हॉलीबॉलच्या मुली न्यायालयात गेल्या. २०१० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. चीअरलीडिंगची स्पर्धा-व्यवस्था अजून इतकी आकाराला आलेली नाही, की शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देण्याच्या तेथील कायद्यापुरता तिला खेळ म्हणता येईल, असे न्यायाधीशांनी म्हटले. पुढे ११ वर्षांनी, २०२१ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या प्रकाराच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. म्हणजे नियम, पंच, वयोगट, गाद्या, थरांच्या उंचीवर मर्यादा, हे सगळे आले तेव्हा त्याला खेळ म्हणण्यात आले. आमच्या क्लबने यातले काय आणले आहे? झुबके.

क्लबवर मी केवळ टीका करते आहे, असा समज होऊ नये. ही मुले स्वतः पहाटे येऊन मैदानावर फक्की मारतात, गोलचे खांब एका वेल्डरकडून उधारीवर करून घेतात, आणि पावसाळ्यात आपल्या तांबड्या मातीच्या चिखलात इतके खेळतात, की घरी बादलीभर पाण्याने बूटही स्वच्छ होत नाहीत. २०१६ पासून सात जणांची रग्बी ऑलिम्पिकमध्ये आहे आणि जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली. तेव्हापासून मैदानावर येणाऱ्या पोरांची संख्या वाढली, हे मीही पाहते. चिटणीसांनी मला सांगितले, की पैसा नाही, पाहुण्यांना मान दिला तर चार देणग्या येतात, आणि मुली उभ्या असल्या की पाहुणे थांबतात. त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडला. पण सात जणांचा हा खेळच मुळी १८८३ मध्ये स्कॉटलंडमधल्या मेलरोज गावी क्लबची तिजोरी रिकामी होती म्हणून जन्माला आला. नेड हेग नावाच्या खाटकाला एका दिवसात अनेक सामने खेळवून तिकिटांचे पैसे उभे करण्याची ही युक्ती सुचली. खेळ पाहायला लोक आले आणि त्यांनी पैसे दिले. आमच्या बांधावर त्या रविवारी चार-पाचशे माणसे होती. त्यांच्यापुढे कोणी साधा डबा फिरवला नाही, कारण सगळ्यांचे लक्ष मंडपातल्या दहा जणांकडे होते.

आणखी एक गोष्ट नातीने मला घरी येताना सांगितली, ती येथे लिहिण्याची तिने परवानगी दिली आहे. पथकातल्या पाच जणींना मुळात रग्बी खेळायची होती. मुलींचा संघ पुढच्या वर्षी काढू, तोवर पथकात या, असे त्यांना सांगण्यात आले. ते पुढचे वर्ष अजून उजाडलेले नाही. भारताच्या महिला संघाने जून २०१९ मध्ये मनिला येथे सिंगापूरला २१-१९ असे हरवून १५ जणींच्या रग्बीतला आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, ही बातमी त्यातल्या एकीने वहीत चिकटवून ठेवली आहे. ही मुलगी सराव संपल्यावर मुलांचा चेंडू मागून घेते आणि अंधार पडेपर्यंत भिंतीवर मारत बसते. चीअरलीडर होणे ही ज्यांची निवड आहे, त्यांचा मान राखावा; पण खेळाडू होऊ पाहणाऱ्या मुलीला झुबके देऊन रांगेत बसवून ठेवणे, याला मी निवड म्हणणार नाही.

क्लबची पुढची स्पर्धा डिसेंबरात आहे असे कळते. त्याआधी मुलींच्या सरावासाठी गाद्या मिळाव्यात. माझ्या जुन्या शाळेत सहा गाद्या पडून आहेत आणि त्या देण्याविषयी मी मुख्याध्यापकांशी बोलले आहे. प्रथमोपचाराची पेटी मैदानावर राहावी आणि तिची किल्ली मुलींच्या प्रमुखाकडे असावी. पथकाला खेळाचे नियम कोणीतरी खेळाडूनेच शिकवावेत, आणि डीजेऐवजी दोन हलग्या बांधाच्या बाजूला बसवाव्यात. वाजवणारे माझ्या ओळखीचे आहेत, त्यांची बिदागी पहिल्या स्पर्धेपुरती मी देईन, मात्र त्यांची नावे फलकावर यावीत. पाहुण्यांना गुच्छ देण्याचे काम कार्यकारिणीच्या सभासदांनी करावे. ते पाच मिनिटांचे काम आहे आणि त्याला सरावही लागत नाही.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका,
टिळकवाडी, बेळगाव